सुतळीने बांधलेली लॅब

लातूरच्या त्या क्लासमध्ये मी पहिल्या दिवशी कामावर गेले तेव्हा लॅब सांभाळणाऱ्या सरांनी हाताने खूण करून मला बसायला सांगितलं. मी खुर्ची पुढे ओढली. ती आली नाही. जोर लावून पुन्हा ओढली, तरी येईना. वाकून पाहिलं तर खुर्चीचा मागचा पाय टेबलाच्या पायाला सुतळीने बांधलेला होता.

"ओढू नका, म्याडम," सर म्हणाले, "खुर्ची हाय तिथंच राहू द्या. तुम्हीच सरका."

मला म्याडम म्हणणारे ते पहिलेच गृहस्थ. मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते. हदगाव तालुक्यातल्या आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. कॉलेज नांदेडला झालं, पण तिथे कॉम्प्युटर म्हणजे प्रॅक्टिकलच्या दिवशी चौघींत एक मिळायचा, आणि त्याच्या कळा दाबायचं काम नेहमी सगळ्यांत धीट मुलगी करायची. मी ती नव्हते. सरांचं वय माझ्या वडिलांएवढं, तरी ते मला म्याडमच म्हणत राहिले. एकदा मी म्हटलं, "सर, मला नुसतं नावाने बोलवा." तर म्हणाले, "नावानं बोलवलं की तुम्ही चहा आणायला लागाल. म्याडमच बरं हाय."

ते लातूरमधले क्लासांचे भरभराटीचे दिवस होते. हदगाव, कंधार, निलंगा, उदगीर, सगळीकडून मुलं येत होती. एकेका खोलीत पाच-सहा जण राहत, सायकलींना मेसचे डबे लटकत, आणि प्रत्येक चौकात पहिल्या आलेल्या मुलांचे चेहरे फलकावर हसत असत. आमचा क्लासही वाढत होता. संचालक साहेब स्वतः फिजिक्स शिकवत, आणि एका हॉलमध्ये नवी बॅच बसली की दुसरा हॉल शोधत. फक्त एक हॉल त्यांनी सरांना दिला होता. तीच लॅब.

दर रविवारी सराव परीक्षा व्हायची. मुलं उत्तरपत्रिकेवर गोल काळे करत. ती पानं स्कॅनरमधून घालून सरांनी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमने तपासायची आणि सोमवारी सकाळी क्लास उघडायच्या आत निकाल भिंतीवर लावायचा, हे आमचं काम. त्या कामाच्या मोबदल्यात सरांनी साहेबांकडून एक सवलत मिळवली होती. दुपारच्या रिकाम्या वेळात ज्याला शिकायचं असेल त्याने लॅबमध्ये येऊन कॉम्प्युटरवर बसावं, कोणी हटकणार नाही. कितीतरी मुलामुलींनी आयुष्यात पहिल्यांदा माउस धरला तो तिथे. मीसुद्धा खऱ्या अर्थाने तिथेच शिकले.

सुतळीबद्दल सांगायला हवं. सरांच्या पँटच्या उजव्या खिशात सुतळीचा गुंडा असायचा. मॉनिटर टेबलाला बांधलेला. सीपीयू आणि सगळ्या केबली टेबलाच्या पायाला. कपाट भिंतीतल्या हुकाला. पाण्याचा माठ तिवईला, तिवई खिडकीच्या गजाला. चष्म्याला काळा गोफ होता, तो तर समजण्यासारखा. पण डब्याचं झाकणसुद्धा डब्याला बांधलेलं असायचं. कपाटावर, फळीवर, डोक्याच्या वर असलेल्या कुठल्याही जागेवर ते काही ठेवू देत नसत. स्वतः दाराजवळ बसत. मुलं त्यांना पाठीमागे सुतळी सर म्हणत. एकदा एका वात्रट मुलाने तोंडावरच विचारलं, "सर, आम्ही पळून जात न्हाई, आम्हाला बांधणार न्हाई ना?" सर म्हणाले, "तुला कशाला बांधू? तू पडलास तर कुणाच्या अंगावर पडणार न्हाईस. वजन कुठं हाय तुझ्यात?"

क्लासमध्ये एक चाचा होते. शिपायाचं काम करायचे. लातूरच्या जुन्या गल्लीतले, तीन पिढ्या तिथेच राहिलेले. संध्याकाळी कुलूप लावायला ते दारात येऊन उभे राहत, आणि सर एकेक गाठ तपासत फिरत. रोज चाचांचं एकच वाक्य, "क्या सर, कम्पूटर है के बकरी? शाम हुई के बांध डालते."

"बकरी परत येते, चाचा," सर म्हणत आणि पुढची गाठ आवळत.

लॅबमधले सगळे कॉम्प्युटर लिनक्स नावाच्या सिस्टीमवर चालत. कुठल्याशा मासिकाबरोबर आलेली सीडी सरांनी आणली होती, आणि फुकट आहे म्हणून साहेबांनी मान्यता दिली होती. सरांना मात्र त्याचं प्रेम वेगळ्या कारणाने. ते म्हणायचे, "दुसरी सिस्टीम बिघडली की नुसती म्हणतीय, काहीतरी चूक झाली. आता काहीतरी म्हंजे काय? हे बघा, हे ओळीनं सांगून राहिलंय. कधी आलं, कधी गेलं, का गेलं. ऐकणारा पाहिजे." काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी उतरवून ते त्या मोठ्याने वाचत, तलाठ्याने पंचनामा वाचावा तशा.

या ओळी वाचायचे प्रसंग फार येऊ लागले ते यूएसबी हबमुळे. मुख्य कॉम्प्युटरला मागे खाचा कमी, म्हणून स्कॅनर, प्रिंटर आणि कॅमेरा एका हबला, म्हणजे चार-पाच खाचांच्या डबीला, जोडून हब कॉम्प्युटरला लावला होता. मधेच स्कॅनर नाहीसा व्हायचा. पानं अर्धी तपासून झालेली, आणि कॉम्प्युटर म्हणतोय स्कॅनर नाहीच. काही वेळाने आपणहून दिसायचा. कॉम्प्युटर प्रत्येक वस्तू जोडली की तिला एक नंबर देतो, आणि सुटून पुन्हा आली की नवा, पुढचा नंबर. आमच्या स्कॅनरचा नंबर सकाळपासून संध्याकाळपर्यंत चढत जायचा. कधी ओळ यायची की या वस्तूला नंबर देऊ केला, पण ती घेत नाही.

सर ती ओळ वाचून म्हणाले, "घ्या. नंबर देऊन बी घेईना. आम्हाला भूकंपानंतर नव्या गावात घरावर नंबर टाकून दिले व्हते, तवा आमची म्हातारी माणसं अशीच करायची. दारात बसायची, आत जायची न्हाईत."

एवढंच. त्यांचं गाव निलंग्याकडचं, भूकंपात गेलेलं, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यापलीकडे ते बोलत नसत.

दोष शोधण्याची सरांची पद्धत मी आजही माझ्या विद्यार्थ्यांना शिकवते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी एकदा घाईघाईने केबल बदलली, हब दुसऱ्या जागी लावला, आणि कॉम्प्युटरही बंद करून चालू केला. स्कॅनर दिसू लागला. मी आनंदाने सांगितलं. सर म्हणाले, "म्याडम, तुम्ही तीन गोष्टी केल्या. आता सांगा, कशानं चाललं?" मी केबल, हब, कॉम्प्युटर, तिन्हींकडे पाहिलं. "मग चाललं म्हणू नका. तात्पुरतं रुसणं गेलं म्हणा."

त्यांनी सगळं केलं. हबला वेगळा अडॅप्टर लावून वीज दिली. केबल आखूड घेतली. वीज वाचवण्यासाठी कॉम्प्युटर जोडलेल्या वस्तूंना मधेच झोपवतो, ती सोय बंद केली. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासलं. आणि दर वेळी स्कॅनर हबमधून काढून सरळ कॉम्प्युटरला जोडून पाहिला, तर बिनतक्रार चालायचा. म्हणजे हब खराब. नवा हब आणला. दहा-बारा दिवस छान. मग पुन्हा तेच. दुसऱ्या कंपनीचा आणला. पुन्हा तेच.

या काळात दोनदा निकाल उशिरा लागला. दुसऱ्या वेळी साहेब लॅबच्या दारात येऊन उभे राहिले. ते वाईट माणूस नव्हते. हळू आवाजात बोलले.

"सर, सोमवारी सकाळपासून पालकांचे फोन येतात. मी त्यांना हब म्हणजे काय ते समजावून सांगू का?"

"न्हाई, साहेब. कारण सापडायला आलंय."

"कारण तुम्ही शोधा. पण आता पुन्हा एकदा निकाल उशिरा लागला तर ते काम मी पुण्याच्या कंपनीला देणार. आणि मग हा हॉल रिकामा ठेवणं मला परवडायचं नाही. बाहेर बॅच उभी आहे."

साहेब गेल्यावर सर बराच वेळ दुपारी येणाऱ्या मुलांच्या खुर्च्यांकडे पाहत राहिले. त्या दिवशी त्यांनी मला भूकंपाचं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. कपाटाच्या हुकाची गाठ तपासत, माझ्याकडे न बघता ते बोलले.

"आमच्या घरात असंच कपाट व्हतं. लोखंडी. जमीन खालीवर असल्यामुळं हलायचं. अव्वा, माझी आई, रोज म्हणायची, बाबा, ते बांध एकदा. खिळा ठोकून ठेवला व्हता मी. तार आणायची ऱ्हायली. ते दारावर आडवं पडलं. अव्वा आतल्या खोलीत. दार उघडंना."

"सर, पण घरंच पडली होती ना सगळी?"

"समदे असंच म्हणतेत. पण ती भिंत उभी व्हती, म्याडम. खिळा बी तिच्यातच व्हता."

त्यानंतर त्यांच्या सुतळीकडे बघून मला कधी हसू आलं नाही.

उन्हाळ्यात, नवं वर्ष सुरू व्हायच्या आधी, साहेबांनी सगळ्या इमारतीचं रंगकाम काढलं. लॅब रिकामी करायची होती. चाचांनी कात्री घेतली आणि सुतळ्या कापून टेबलं बाहेर काढली. सायकल स्टँडच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचं काम मांडलं. उकाडा असा की स्कॅनरवर घाम टपकायचा. सुट्टीतल्या बॅचच्या परीक्षा चालूच होत्या. आणि मला आश्चर्य वाटलं, सरांनी तिथे काहीच बांधलं नाही. मी विचारलं तेव्हा वर बघून म्हणाले, "पत्रा हाय. पत्र्याखाली माणूस मरत न्हाई. आम्ही दोन वर्षं काढली पत्र्यात. बांधाबांधी स्लॅबखाली."

शेडमध्ये हब एकदाही रुसला नाही. सगळे निकाल वेळेवर लागले. सर खूष होते. शेवटी चांगला हब मिळाला म्हणून दुकानदाराला निरोपही पाठवला.

रंग वाळला. आम्ही पुन्हा आत आलो. सरांनी नवा गुंडा आणला आणि दोन दिवस खपून सगळं पहिल्यासारखं केलं. आठवड्याच्या मधल्या एका दुपारी मी जुनी पानं घालून स्कॅनर तपासत होते, आणि तो गेला.

सर उठून पडद्यासमोर आले. त्यांनी पडद्यावर ओळी उतरवल्या. नवीन ओळ आली की आपोआप दिसेल अशी सोय करून ठेवली. मग हबच्या मागे हात घालून सगळ्या केबली सैल केल्या. स्कॅनर आला. त्यांनी मान हलवली, आणि तपासणी सुरू करण्यापूर्वी सवयीप्रमाणे केबल टेबलाच्या पायाकडे ओढून गाठ आवळली.

पडद्यावर ओळ आली. स्कॅनर सुटला.

त्यांचा हात थांबला. त्यांनी गाठ जरा सोडली. ओळ आली, नवीन वस्तू सापडली. आवळली. सुटला. सोडली. आला. ते माझ्याकडे न बघता तसंच करत राहिले आणि प्रत्येक वेळी हळू आवाजात म्हणत राहिले, "गेला. आला. गेला. आला."

सगळं लख्ख समजलं. केबल खाली ताणून बांधलेली, त्यामुळे तिचं टोक हबच्या खाचेत तिरकं बसायचं. टेबलाला कुणाचा गुडघा लागला की संपर्क तुटायचा. सरळ कॉम्प्युटरला जोडून पाहायचो तेव्हा ते दोन मिनिटांसाठी असायचं, म्हणून कुणी बांधत नसे. सरांनी एका वेळी एक करत सगळ्या गोष्टी बदलून पाहिल्या होत्या. फक्त प्रत्येक बदलानंतर, तपासायच्या आधी, ते पुन्हा सगळं बांधून घेत होते. त्यांच्या लेखी सुतळी ही बदलायची गोष्टच नव्हती. ती जमिनीसारखी होती.

"सर, सापडलं!" मी जवळजवळ ओरडलेच. माझ्या डोळ्यांसमोर लॅब होती, दुपारची मुलं होती. सगळं वाचलं होतं.

"सापडलं," सर म्हणाले. पण त्यांचा चेहरा ज्याचं काही हरवलंय अशा माणसासारखा होता.

त्या रविवारी केबली मोकळ्या ठेवून आम्ही निकाल लावला. संध्याकाळी चाचा कुलूप घेऊन आले. सर दारापर्यंत गेले, परत आले, हबजवळ उभे राहिले. पुन्हा दारापर्यंत गेले. चाचासुद्धा त्या दिवशी बकरीचं काही बोलले नाहीत. शेवटी सरांनी खिशातून सुतळी काढली.

मी म्हटलं, "सर, बांधा, पण थोडी ढील ठेवा. म्हणजे ताण येणार नाही."

"ढील ठेवायची तर बांधायचं कशाला, म्याडम?" ते मला उलट बोलत नव्हते. त्यांना खरंच विचारायचं होतं. त्यांनी ढील ठेवून बांधून पाहिलं. मी बघत होते. गाठ पूर्ण व्हायच्या आत त्यांची बोटं उरलेली सुतळी ओढून घेत. तीनदा सोडली, तीनदा तेच.

"मला कळतंय," ते म्हणाले. "हाताला कळंना झालंय."

मग आमच्यात न बोलता एक रीत पडली. संध्याकाळी ते बांधत, सकाळी मी लवकर येऊन सोडत असे. ते आले की मोकळ्या केबलींकडे बघत नसत. कित्येक आठवडे असं चाललं आणि निकाल वेळेवर लागत राहिले. मला वाटलं, यावर मार्ग निघाला. एखाद्या माणसाला त्याच्या भीतीसकट सांभाळून घेता येतं, असं मला तेव्हा वाटत होतं. अजूनही वाटतं. पण रात्रभराचा ताण त्या खाचांना रोज थोडा थोडा सैल करत होता, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

एका रविवारी, सगळ्या क्लासची मोठी परीक्षा होती त्या दिवशी, मी केबली सोडल्या, स्कॅनर चालू केला, आणि काही दिसेना. हब बदलला. नाही. सरळ कॉम्प्युटरला जोडला. तिथेही नाही. कॉम्प्युटरच्या पाठीवरच्या खाचाच हलत होत्या, आतून सुटलेल्या. सरांनी शेजारचा कॉम्प्युटर घेतला. तोही तसाच बांधलेला असायचा, तसाच सैल. त्यांनी हाताने केबल धरून ठेवली आणि मला म्हणाले, "चालवा, म्याडम. मी हलत न्हाई." ते तसेच वाकून उभे राहिले, आणि मी पानं घालत राहिले. त्यांचा हात जरासा हलला की स्कॅनर जायचा. अंधार पडेपर्यंत अर्धीसुद्धा पानं झाली नाहीत. चाचांना घरी जायचं होतं. सोमवारी सकाळी भिंत कोरी होती.

साहेब आत आले नाहीत. दारातूनच म्हणाले, "सर, मी सांगितलं होतं."

"हाव," सर म्हणाले. "कारण सापडलं व्हतं, साहेब." कारण काय होतं हे त्यांनी साहेबांना कधीच सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. ते त्यांचं होतं.

पुढे मला नांदेडला एका कॉलेजच्या लॅबमध्ये नोकरी लागली. मुलाखतीत मला एक बंद पडलेला कॉम्प्युटर दिला होता, आणि मी एका वेळी एक गोष्ट बदलत गेले, तेवढ्यावर त्यांनी मला घेतलं. ही बातमी सरांना सांगायची फार इच्छा होती. क्लासमध्ये फोन केला तर कळलं की साहेबांनी त्यांना परीक्षेच्या वेळी देखरेख करायचं काम देऊ केलं होतं, सरांनी ते घेतलं नाही, गावी गेले. निलंग्याच्या बसमधून मी एकदा त्या नव्या गावात जाऊनही आले. घराला कुलूप होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "मास्तर भैनीकडं गेलेत, कर्नाटकात. कवा येतेत कुणाला ठावं." मी दारावरचा घराचा नंबर बघून परत आले. नंतर काहीच कळलं नाही. लॅबमध्ये नवी मुलं आली, त्यांतली एखादी माउसला हात लावायला घाबरली, की मला वाटतं, ही दुपार सरांची होती आणि ती त्यांच्याकडे राहायला हवी होती.

लॅब रिकामी झाली तो दिवस मात्र मी विसरलेले नाही. साहेबांनी कॉम्प्युटर कंधारकडच्या एका शाळेला दिले होते. टेम्पो सकाळीच दारात लागला. चाचा कात्री घेऊन आले, तर सर म्हणाले, "कापू नका." आणि ते खाली बसले. एकेक गाठ नखाने, दाताने सोडवत गेले. मी मदतीला बसले तर मला दुसरं टेबल दाखवलं. टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. साहेब एकदा डोकावून गेले. दुपार झाली, नेहमीची मुलं आली, आणि काय चाललंय ते बघून दारातच उभी राहिली. कुणीतरी आत येऊन मॉनिटर उचलायला लागलं, मग बाकीचे आले.

शेवटी सगळं टेम्पोत चढलं. कॉम्प्युटर एकमेकांना टेकून नुसते ठेवलेले. चाचा वर चढले, इकडेतिकडे पाहिलं आणि खाली उभ्या सरांपुढे दोरीचं भेंडोळं धरलं.

"सर, आज तो बांधो," ते म्हणाले. आवाजात थट्टा नव्हती. "कंधार का रस्ता है. सब हिल जाएंगा."

सरांनी हात पुढे केला. दोरीला बोटं लावली. मग हात मागे घेतला आणि दोन्ही हात पाठीशी धरले.

"तुम्हीच बांधा, चाचा," ते म्हणाले. "माझं लई घट्ट होतंय."